मधल्या मापाचा हात

हातमोज्यांच्या त्या कारखान्यात एक नियम भिंतीवर कुठेही लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच तो मोडण्याची कुणाची छाती होत नसे. मधल्या मापाचा कोणताही जोड मोठ्या बाईंच्या हातावर चढल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे. कटाई झाली, शिलाई झाली, अस्तर बसले, की जोड बाईंच्या टेबलावर येई. बाई उजवा मोजा चढवीत, मूठ मिटून उघडीत, अंगठा करंगळीला टेकवून पाहत आणि मगच मनगटपट्टीच्या आतल्या अंगाला शिक्का मारीत. हा मान त्यांना सासूबाईंकडून मिळाला होता. सासूचा आणि सुनेचा हात एकाच मापाचा निघाला, एवढ्यावरच ते लग्न ठरले असे कारखान्यात चेष्टेने म्हणत, आणि बाईंनी ते कधी खोडून काढले नव्हते. लहान आणि मोठे माप या मधल्यावरूनच कमी-अधिक करून बेतले जाई. बाईंचा हात हा त्या घराचा आणि त्या धंद्याचा पाया होता.

हा पाया हलू लागला तेव्हा कसलाही आवाज झाला नाही.

प्रथम माळीकाम करणाऱ्यांची तक्रार आली, की मोजे सैल होतात. मग वेल्डिंगवाल्यांची आली. बाईंनी दोन्ही तक्रारी एकाच वाक्यात निकालात काढल्या. "लोकांना कष्टाची सवय राहिली नाही. हात वाळलेत त्यांचे." कटाईच्या टेबलावर कात्रीमास्तर होता. सासूबाईंच्या हाताखाली तयार झालेला हा म्हातारा बोलण्यात कंजूष आणि कामात चोख होता. बाईंनी मोजा चढवताना कपाळाला आठी घातली आणि "चावतोय हा" असे म्हटले, की तो मुकाट्याने, ज्यावरून चामडे कापले जाई तो पत्र्याचा फर्मा केसभर वाढवी. बाईंच्या हाताला बसेल ते मधले माप, यापलीकडे दुसरे माप त्याला ठाऊक नव्हते. असे केस केस करत वर्षे गेली.

बाईंच्या पायांना चपला होईनात, तेव्हा त्यांनी चांभार बदलला. आवाज घोगरा आणि जाड झाला. फोनवर अनोळखी माणसे त्यांना "साहेब" म्हणू लागली. त्यावर त्या खूश होत्या. "बरं आहे, लोक लवकर मुद्द्यावर येतात." चालताना दाराची चौकट खांद्याला लागू लागली, तेव्हा सुताराला बोलावून त्याची खरडपट्टी काढण्यात आली. सुताराने चौकट मापून दाखवली, तरी बाईंनी त्याला जाताना ऐकवले, की माप घेणाऱ्याचा हात आधी सरळ हवा.

मग काच कारखान्याने एक पूर्ण खेप परत पाठवली. तिथली माणसे मोठाली तावदाने दोन्ही हातांनी उचलून वाहतात, आणि सैल मोज्यात काच फिरते. एक तावदान निसटले होते. कुणाला लागले नाही, हे नशीब. परत आलेले गठ्ठे अंगणात उतरवले जात असताना बाई खिडकीत उभ्या होत्या, आणि त्या दिवशी त्या कुणावरही ओरडल्या नाहीत. यामुळेच सगळे घाबरले.

दुखणे ओळखले ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी. बाजूचे दिसत नाही म्हणून बाई त्यांच्याकडे गेल्या होत्या. त्यांनी डोळे तपासले आणि मग बराच वेळ बाईंच्या हातांकडेच पाहत राहिले. "तुमचा जुना एखादा फोटो आहे का?" असे त्यांनी विचारले. "माझं लग्न ठरवताय की काय?" असे बाई म्हणाल्या खऱ्या, पण फोटो दाखवला. फोटोतली बाई आणि खुर्चीतली बाई यांच्या जबड्यात, नाकात, भुवयांच्या हाडात फरक होता. रोज आरशात बघणाऱ्याला तो दिसला नव्हता, आणि रोज समोर जेवणाऱ्यांनाही दिसला नव्हता. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी नावाची ग्रंथी असते. तिच्यावर गाठ आली होती, आणि ती गाठ वर्षानुवर्षे वाढीचे हार्मोन शरीरात ओतत होती. चांभार, सुतार आणि माळी तिघेही निर्दोष सुटले.

गाठ नाकावाटे काढली. चेहऱ्यावर कुठे ओरखडासुद्धा उठला नाही. डोळ्यांपुढचे जग पुन्हा दोन्ही बाजूंना रुंद झाले, आजारातला घाम थांबला, घोरणे थांबले, आणि हातांवरची सूज इतकी भरभर उतरली, की बाई आपले तळवे उलटेसुलटे करून पाहत बसत. पण गाठीच्या दाबाखाली चिरडलेल्या ग्रंथीचे एक काम बंद पडले ते पडलेच. हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसून सगळे समजावले.

"ही ग्रंथी म्हणजे घरातली कर्ती बाई. स्वतः फार राबत नाही, पण बाकीच्यांना कामाला लावते."

"म्हणजे माझ्यासारखी."

"अगदी तुमच्यासारखी. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. हिचा हुकूम आला की त्या कॉर्टिसॉल बनवतात. त्याच्यावर माणूस उभा राहतो, रक्तदाब टिकतो, तापाशी झुंजतो. आता हुकूमच येत नाही, म्हणून त्या नुसत्या बसून आहेत."

"रिकामटेकड्या."

"बिचाऱ्या म्हणा. ते काम आता गोळी करणार. सकाळी एक, दुपारी एक. ताप आला तर दुप्पट. उलटी होऊन गोळी पोटात राहिली नाही, तर इंजेक्शन, आणि तडक हॉस्पिटल. वाट बघायची नाही, कुणाला विचारत बसायचं नाही."

"मी कुणाला विचारत नाहीच," बाई म्हणाल्या.

काही महिन्यांनी ग्रंथी जागी होते का हे पाहण्यासाठी सकाळची गोळी घेण्याआधी त्यांचे रक्त तपासले, आणि पुढे आणखी एक चाचणी केली. ग्रंथीने उत्तर दिले नाही. आता ती जागी होईल असे वाटत नाही, गोळ्या कायमच्या, असे डॉक्टरीणबाईंनी हलक्या आवाजात सांगितले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ग्रंथी निवृत्त झाली म्हणायची," त्या म्हणाल्या. "मी नाही."

घरात मात्र या निवृत्तीचा अर्थ निराळा लागला होता. बाईंचे धाकटे दीर हिशेब आणि गिऱ्हाइके सांभाळत. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण वाईट नाही, याची त्याला स्वतःला फार खात्री होती. बाई पुन्हा टेबलावर येऊन बसल्या, तशी दीरांची खुर्ची बाईंच्या खुर्चीजवळ सरकू लागली.

"वहिनी, मेंदूचं ऑपरेशन झालंय तुमचं. थोडं सबुरीनं घ्या."

"मेंदूच्या खालचं. मेंदूला कुणी बोटही लावलेलं नाही. तुमच्याही मेंदूला आजवर कुणी लावलं नाही, म्हणून मी तुम्हाला घरी बसवलं का?"

कात्रीमास्तराला ठसका लागला. बाईंचा मुलगा खाली मान घालून बटणे निवडत होता. त्याची मान आणखी खाली गेली. हा मुलगा सज्जन होता आणि आई व काका या दोन भिंतींमध्ये वाढल्यामुळे थोडासा चपटा झाला होता. सून मात्र शिलाईच्या मशीनवरून सगळे ऐकत होती आणि तिचे मशीन बरोबर महत्त्वाच्या वाक्याला थांबत होते.

जाऊबाईंची आघाडी स्वयंपाकघरातून उघडलेली होती. "त्या गोळ्या आधी सोडा, जाऊबाई. स्टेरॉइड आहेत म्हणे. माझ्या मावसबहिणीच्या नणंदेचं तोंड अशाच गोळ्यांनी सुजून भोपळा झालं होतं. एकदा सवय लागली की सुटत नाहीत."

"तिला काय होत होतं?"

"दमा होता की काय. नक्की नाही ठाऊक."

"मग तिच्या गोळ्यांचं तिला विचार. माझ्या शरीरात जे बनत नाही, तेवढंच मी बाहेरून घालते. तू शिलाई मशीनला तेल घालतेस, तेव्हा मशीनला व्यसन लागलं म्हणतेस का?"

जाऊबाई पुन्हा भाजी चिरू लागल्या, पण पटले म्हणून नव्हे. आपल्याला उत्तर सुचले नाही की समोरच्याचा हट्ट दिसणाऱ्यांपैकी त्या होत्या.

या सगळ्या बोलण्यात एकच वाक्य बाईंना खरोखर लागले. काच कारखान्याने शेवटची संधी म्हणून नवी खेप मागवली होती, आणि त्यांचे खरेदीसाहेब स्वतः येऊन माल तपासणार होते. दीर टेबलाशी आले, त्यांनी एक तयार जोड बाईंसमोर ठेवला आणि म्हणाले, "घाला."

बाईंनी घातला. बोटे आत फिरली.

"आता हा." दुसरा जोड आवळ बसला. बाईंच्या हातावरची सूज गेली होती, पण वाढलेली हाडे होती तिथेच राहिली होती. हा हात आता ना सासूबाईंचा होता, ना आजारातला.

"सांगा वहिनी, तुमचा हात आता कुठला मधला?" दीर सौम्यपणेच म्हणाले. "आणि हात नाही, तर शिक्का कशाला अडकवून ठेवायचा? माझ्याकडे द्या. तुम्ही वर आराम करा. मान तुमचाच राहील."

मशीन थांबले होते. बाईंनी मोजा काढला, बोटे एकेक करून सरळ केली आणि तो टेबलावर ठेवला. मग त्यांनी पैज मांडली.

"काचवाल्यांचा माल माझ्या हातून जाईल. तो त्यांना पटला, तर शिक्का मरेपर्यंत माझा, आणि हा विषय पुन्हा या घरात निघायचा नाही. नाही पटला, तर त्याच दिवशी शिक्का तुमचा. मी वर जाऊन खिडकीत बसेन."

"सगळ्यांनी ऐकलं?" दीरांनी विचारले.

"ऐकलं," सून मशीनवरून म्हणाली. मुलगा दचकला.

खेपेत एक अडचण होती, आणि ती बाईंना ठाऊक होती. निम्मा माल ऑपरेशनच्या आधी, वाढलेल्या फर्म्यावर कापला गेला होता. निम्मा नंतरचा होता. सासूबाईंच्या वेळचा एक जुना जोड उसवून मास्तराने त्यावरून नवा फर्मा केला होता. शिवणाऱ्यांनी दोन्ही माल एकत्र बांधले होते. साहेब येतील त्या सकाळी लवकर उठून आपण गठ्ठे फोडून सैल माल वेगळा काढू, असे बाईंनी ठरवले होते. दीरांचे म्हणणे होते, की साहेब काही प्रत्येक जोड घालून बघणार नाहीत.

आदल्या संध्याकाळी बाईंना कसकस वाटली. त्यांनी सांगितल्याप्रमाणे गोळी दुप्पट केली. सकाळी घेतलेली गोळी मात्र पोटात राहिली नाही. दुसरी घेतली, तीही उलटून पडली. न्हाणीघराच्या भिंतीला हात लावून त्या उभ्या राहिल्या, तेव्हा पाय आपले नाहीत असे त्यांना वाटले. सुनेचा आवाज जवळून यायला हवा होता, तो लांबून आला.

"आई, बसा इथं. बसा आधी."

"इंजेक्शनचा डबा," बाई म्हणाल्या.

कपाटात डबा नव्हता. सुनेने वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला. मुलगा धावत आला, दीर आले, जाऊबाई दाराशी उभ्या राहिल्या आणि तिथेच थबकल्या.

"मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना फोन केलाय," दीर म्हणाले. "येतो म्हणाले. तोवर थांबा म्हणाले. ताप असताना असलं जालीम औषध कुणी देतं का? वहिनी, आता तरी हट्ट सोडा. काचवाल्यांचं मी बघतो."

बाईंना पलंगावर आडवे केले होते. अंग थंडगार पडले होते, आणि त्या थंडीतही त्यांना मरणाची भीती वाटली नाही. त्यांना भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. आपण इथे अशा पडून राहू, कोपऱ्यावरचे डॉक्टर सावकाश येतील, दीर खाली जाऊन गोड बोलतील, आणि पुढे वर्षानुवर्षे लोक म्हणतील, की बरे झाले, वेळेवर शिक्का दुसऱ्याच्या हाती गेला. शरीराने दगा दिला तर ठीक. पण या लोकांना खरे ठरवायला ते निघाले होते, हे त्यांना सहन होईना.

त्यांनी डोळे उघडून दाराकडे पाहिले.

"डबा," त्या जाऊबाईंना म्हणाल्या.

"मी म्हटलं, लहान मुलांच्या हाती लागू नये..."

"या घरात लहान मुलं नाहीत. डबा."

जाऊबाई गेल्या आणि चादरींच्या घडीमागून डबा घेऊन आल्या. मुलाने बाटली हातात घेतली. ती तो उलटीसुलटी करून पाहू लागला, तशी बाईंनी मान हलवली. "तू नको. ती."

डॉक्टरीणबाईंकडे सुनेला एकदा शिकवले होते, तेव्हा एका संत्र्यावर. तिने पाणी ओढले, पावडरीत सोडले, हलवले, पुन्हा ओढले, सुई वर धरून हवा काढली. मग थांबली.

"मांडीत, बाहेरच्या अंगाला," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता पुटपुटण्याइतकाच राहिला होता. "चामड्यात सुई घालतेस तशी घाल. तिरकी नको. सरळ."

"आई, चामडं ओरडत नाही."

"मीही ओरडणार नाही."

सुई गेली. बाई ओरडल्या नाहीत. ओरडले ते दीर, "अरे देवा" म्हणून, आणि खुर्चीचा आधार घेऊन खाली बसले.

गाडी दाराशी आली. दोघांनी धरून बाईंना खाली आणले. कारखान्यातून जाताना त्यांनी टेबलापाशी थांबायला लावले, खण उघडायला सांगितला, शाईची डबी सुनेकडे दिली आणि शिक्का मुठीत घेतला.

"हा माझ्याबरोबर येतो," त्या दीरांना म्हणाल्या. "काचवाले आले की त्यांना मालासकट हॉस्पिटलात घेऊन या."

"हॉस्पिटलात? वहिनी, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाई आजारी आहेत. खरंच आहे ते."

हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, भुवया वर नेल्या, सलाइन लावले, पुन्हा औषध दिले. इंजेक्शन कुणी दिले, असे त्यांनी विचारले. सून पुढे आली. तिला वाटले, आता बोलणी बसणार.

"वेळेवर दिलंत," ते म्हणाले. "थांबला असता तर अवघड होतं."

मुलाने भिंतीकडे तोंड केले. त्याचे खांदे हलत होते. सुनेने त्याच्या पाठीवर एक चापट मारली, ती समजूत काढायला की शिक्षा म्हणून, हे तिलाही सांगता आले नसते.

दुपारपर्यंत बाईंच्या ओठांना रंग आला. त्यांनी उशी उंच करून घेतली, केस नीट करून घेतले आणि चष्मा मागवला. पांढऱ्या चादरीवर त्यांचा उजवा हात पडला होता, आणि त्या त्याच्याकडे एखाद्या परक्याच्या हाताकडे पाहावे तशा पाहत होत्या. दीरांच्या प्रश्नाचे जे उत्तर त्यांना सुचले नव्हते, ते याच वेळी त्यांच्या ध्यानात आले. हात कुठला मधला, हा प्रश्नच त्या इतकी वर्षे चुकीच्या माणसाला विचारत होत्या.

खरेदीसाहेब आले. बारीक चणीचा, घड्याळाकडे पाहणारा माणूस. दीर त्यांच्या पुढे पुढे चालत होते आणि पाठीमागून मुलगा व एक हमाल गठ्ठे घेऊन येत होते.

"वहिनींना जरा अशक्तपणा आलाय," दीर गोड आवाजात सांगत होते. "वयोमानानं होतं असं. आपण मालाचं मी..."

"अशक्तपणा नाही," बाई म्हणाल्या. खोलीतल्या दोन्ही शेजारच्या खाटांवरच्या माना वळल्या. "माझ्या पिट्यूटरी ग्रंथीवर गाठ होती. काढली. ग्रंथी आता काम करत नाही, म्हणून मी औषधावर आहे, आणि मरेपर्यंत राहीन. सकाळी औषध पोटात राहिलं नाही, इंजेक्शन घ्यावं लागलं. आता ठीक आहे. बसा."

साहेबांनी बसायला जागा शोधली. एकमेव स्टुलावर गठ्ठा ठेवला होता. ते उभेच राहिले.

"हा माणूस कोण?" बाईंनी हमालाकडे बोट केले.

"आमच्याकडचाच," साहेब म्हणाले. "माल गाडीत चढवायला आणलाय."

"काच उचलतो?"

"जन्मभर तेच केलंय, बाई," तो माणूस स्वतःच म्हणाला. त्याच्या तळव्यांवर जुन्या चिरा पांढऱ्या पडल्या होत्या.

"मोजे कुठल्या मापाचे घालता?"

"मधले. आमच्यातले बहुतेक मधलेच घालतात."

"मग तुम्ही इकडे या. साहेब, तुम्ही थोडं बाजूला व्हा."

सुनेने पहिला गठ्ठा सोडला. त्या माणसाने जोड चढवला. बाईंनी त्याला मूठ मिटायला लावली, उघडायला लावली, अंगठा करंगळीला टेकवायला लावला. मग औषधांचा स्टीलचा ट्रे पाण्याने ओला करून त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "उभा धरा. कडेनं. काच धरता तसा."

"अहो बाई, हे हॉस्पिटल आहे," दारातून नर्स ओरडली.

"म्हणूनच. एवढी स्वच्छ भांडी कारखान्यात कुठं मिळायची?"

ट्रे हलला नाही. बाईंनी शिक्का शाईवर दाबून मनगटपट्टीत मारला. दुसरा जोड त्याने घातला, तेव्हा बोटांच्या टोकांशी चामडे दुमडले. ट्रे उभा धरताच तो मोज्यात किंचित फिरला. त्या माणसाने साहेबांकडे पाहिले, बाईंच्या सलाइनच्या नळीकडे पाहिले आणि समजूतदारपणे म्हणाला, "चालेल की. जरासंच सैल आहे."

"तावदान हातात असताना चालेल?"

त्याने ट्रे खाली ठेवला. मग म्हणाला, "नाही."

"मग असं बोला की सरळ. मला बरं वाटावं म्हणून इथं पुष्कळ औषधं चालू आहेत."

खोलीत हशा पिकला. शेजारच्या खाटेवरची बाई पोट धरून "हसवू नका, टाके आहेत" असे म्हणू लागली. सून गठ्ठे सोडत गेली आणि जोड एकामागून एक त्या हातावर चढत गेले. बसलेले जोड खाटेच्या डाव्या अंगाला जमले, न बसलेले उजव्या. उजवा ढीग डाव्याच्या बरोबरीला आला, तेव्हा दीर बाईंच्या कानाशी वाकले.

"वहिनी, पुरे. निम्मा माल बाद केलात. ऑर्डर जाईल. पैज हराल तुम्ही."

"मला आज पूर्ण खेप हवी होती," साहेबांनी घड्याळाकडे पाहत त्याच वेळी म्हटले. "कामं अडलीत आमची."

बाईंनी चष्म्यावरून दोघांकडे आळीपाळीने पाहिले. पैज त्यांना आठवत होती. शब्द त्यांचाच होता. माल साहेबांना पटला नाही, तर शिक्का आजच जाणार होता आणि वरच्या मजल्यावरची ती खिडकी त्यांची वाट पाहत होती. उजव्या ढिगावर पटापट शिक्के मारले असते तर कुणी त्यांचा हात धरला नसता. साहेब खूश होऊन गेले असते.

त्यांनी शिक्का उचलला आणि तळहातावर ठेवून दीरांपुढे धरला.

"साहेबांना सगळा माल आज हवाय. माझ्या हातून निम्माच जाईल. उरलेल्यावर तुम्ही मारा. घ्या. आत्ताच घ्या, मी काही म्हणणार नाही. फक्त एक करा. मारलेला पहिला जोड या माणसाच्या हातात स्वतः घाला, आणि त्याच्या डोळ्यांकडे बघून सांगा, की जा, काच उचल."

दीरांचा हात निम्म्या वाटेपर्यंत आला. काचवाला माणूस नुसता उभा होता, आणि मोजे काढून त्याने आपले दोन्ही तळवे, कुणी मागितले नसताना, थोडे पुढे केले होते. त्यांवरच्या पांढऱ्या चिरांवरून दीरांची नजर फिरली आणि मग ती सलाइनच्या बाटलीवर जाऊन थांबली. हात खाली गेला. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसू लागले.

"साहेब?" बाईंनी विचारले.

साहेबांनी उजव्या ढिगातला एक जोड उचलून स्वतःच्या हातात घालून पाहिला. त्यांची बारीक बोटे त्यात हरवली. त्यांनी तो काढून परत ठेवला. "बसलेले देऊन टाका," ते म्हणाले. "उरलेले कधी मिळतील?"

"बसतील तेव्हा. आणि तुमच्याकडची पाच-सहा माणसं एक दिवस आमच्याकडे पाठवा. हातवाली पाठवा, फायलीवाली नकोत. यापुढं मधलं माप त्यांच्यावर ठरेल. शिक्का मात्र मीच मारणार."

"हे तुमचं घरचं झालं," साहेब म्हणाले.

"झालं," दीर रुमालाआडून म्हणाले.

नर्स गोळी आणि पाणी घेऊन आली. खोलीभर पसरलेले हातमोजे, उभे पुरुष आणि ओला ट्रे पाहून तिने कपाळावर हात मारला. "बाई, गोळीची वेळ झाली. पडदा ओढू का?"

"कशाला?" बाईंनी गोळी घेतली आणि सगळ्यांच्या देखत, मान उंच ठेवून गिळली. मग सुनेकडे वळल्या. "मास्तरला निरोप दे. तो वाढलेला फर्मा कातरून टाकायचा. त्याच्या स्वतःच्या हातानं. उद्या सकाळी मी बघेन."

"आई, डॉक्टर म्हणतात, उद्या सोडणार नाहीत."

"मग फर्मा इथं घेऊन यायला सांग," बाई म्हणाल्या, "आणि कात्रीही."